बिडाची म्हातारी, निकेलचे दागिने

जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवलेला स्टोव्ह लाकडाचा होता. लाकडावर चालणारा नव्हे, लाकडाचाच! १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी डेट्रॉइटच्या मिशिगन स्टोव्ह कंपनीनं आपल्या 'गारलँड' शेगडीची अवाढव्य प्रतिकृती उभारली. २५ फूट उंच, ३० फूट लांब, वजन १५ टन. सगळं ओकच्या लाकडात कोरलेलं आणि वरून धातूसारखं रंगवलेलं. प्रदर्शन संपल्यावर ती डेट्रॉइटला परतली, पुढे मिशिगनच्या जत्रेच्या मैदानावर जाऊन उभी राहिली आणि ऑगस्ट २०११मध्ये वीज पडून जळून खाक झाली. शतकभर पोटात काटकीसुद्धा न पेटवलेल्या शेगडीच्या नशिबी शेवटी तेच आलं.

तिची खरीखुरी भावंडं मात्र अजून टुणटुणीत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेट्रॉइट ही शेगड्यांची राजधानी होती. मोटारी फार नंतर आल्या. डेट्रॉइटच्या आधी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय आणि ऑल्बनी या गावांनी राजधानीचा मान मिळवला होता. तिथल्या ओतशाळांतून बाहेर पडलेलं बीड सडत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि वजनापायी ते सहसा कुणी पळवतही नाही. म्हणून न्यू इंग्लंडच्या कोठारांत, तळघरांत आणि लिलावांत या शेगड्या अजून निघतात. घ्यायची असेल तर वसंतात बघावी. थंडीच्या तोंडावर सगळ्यांनाच आजीच्या घराची आठवण येते आणि भाव चढतात.

नवी असताना नकोशी

आज ज्या शेगडीकडे पाहून लोक 'गेले ते दिवस' म्हणून उसासे टाकतात, ती नवी होती तेव्हा गेल्या दिवसांचा खून केल्याचा आरोप तिच्यावरच होता. १८४३ साली अमेरिकी लेखक नाथानिएल हॉथॉर्ननं 'फायर वर्शिप' या निबंधात तक्रार मांडली की, या लोखंडी पेटीनं घरातला उघडा विस्तव गिळला आणि माणसं एकत्र बसायची जागाच गेली. (आज मोबाइलबद्दल बोलतात, अगदी तेच सूर.) थोरोनंही 'वॉल्डन'मध्ये कबूल केलंय की दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं काटकसर म्हणून छोटी शेगडी घेतली. पण विस्तवाचं तोंड दिसेना, त्यामुळे सोबती गेल्यासारखं त्याला वाटलं.

बेंजामिन फ्रँकलिनची कथा आणखी गमतीची. त्यानं १७४०च्या दशकाच्या सुरुवातीला 'पेनसिल्व्हेनिया फायरप्लेस' बनवली आणि १७४४ साली तिच्या प्रचारासाठी पुस्तिका छापली. गव्हर्नरनं काही वर्षांची मक्तेदारी देऊ केली, ती यानं नाकारली. दुसऱ्यांच्या शोधांचा आपण फायदा घेतो, मग आपलाही शोध लोकांना फुकट मिळावा, असा त्याचा बाणा. लंडनच्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याला असला बाणा परवडणारा नव्हता. त्यानं किरकोळ फेरफार करून पेटंट घेतलं आणि बऱ्यापैकी पैसा केला. मूळ रचनेत एक खोट होती, ती वेगळीच. धुरानं वर जाण्याआधी खाली उतरायचं, अशी फ्रँकलिनची अपेक्षा होती. धुराला ती मान्य नव्हती. पुढे डेव्हिड रिटनहाउस आणि इतरांनी ही वाट सरळ केली. आज 'अस्सल फ्रँकलिन स्टोव्ह' म्हणून जे विकायला येतं ते बहुतेक वेळा या नंतरच्या सुधारित घराण्यातलं असतं. जाहिरातीतल्या 'अस्सल'वर फार भिस्त ठेवू नये.

शेगडीनं वेड लावलेल्यांत कॉलेजचे अध्यक्षही होते. स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजचे एलिफलेट नॉट १८०४ ते १८६६ एवढा काळ खुर्चीवर होते आणि त्या भरात त्यांनी शेगड्यांची जवळजवळ ३० पेटंटं घेतली. परीक्षेचे निकाल वेळेवर लागत होते का, ठाऊक नाही.

भिंतीतून पेटवायची

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांकडे पाच पत्र्यांची शेगडी असे. तिला तोंडच नव्हतं! सहावी बाजू भिंतीला टेकलेली आणि विस्तव पलीकडच्या खोलीतल्या चुलाण्यातून भिंतीच्या भोकातून आत सरकवायचा. बसायच्या खोलीत ऊब यायची, धूर आणि राख पलीकडेच राहायची. बिडाच्या त्या पत्र्यांवर बायबलातले प्रसंग ओतलेले असत. काइन आणि हाबेलचं भांडण बघत शेकत बसायचं. हेन्री मर्सर नावाच्या हौशी संग्राहकानं असे पत्रे गोळा केले आणि १९१४ साली त्यांच्यावर 'द बायबल इन आयर्न' हे पुस्तकच लिहिलं. कुणाच्या अंगणात फरशी म्हणून पडलेला नक्षीदार पत्रा दिसला तर जरा वाकून बघावं.

टिचकी मारा, दिवा लावा, नोट अडकवा

आता प्रत्यक्ष खरेदी. विकणारा तुम्हाला निकेलची चमक आणि नक्षी दाखवणार. तुम्ही मात्र दार उघडून आत डोकं घालायचं. या धंद्यातलं सगळं खरं-खोटं आत असतं.

पहिली परीक्षा कानाची. प्रत्येक पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारत जायचं. माठ घेताना आपण करतो तसंच. अखंड बीड खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. दुसरी परीक्षा डोळ्यांची. अंधारात शेगडीच्या पोटात पेटता बल्ब सोडायचा आणि बाहेरून बघायचं. जिथून प्रकाश येतो तिथून हवाही जाणार. सांध्यातून उजेड आला तर घाबरायचं कारण नाही, तिथला जुना सिमेंट-लेप झडलेला असतो आणि तो नव्याने भरता येतो. पत्र्याच्या मधोमध उजेडाची रेघ दिसली तर मात्र भाव निम्मा करून मागावा किंवा नमस्कार करून निघावं. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो, म्हणून ते ठिसूळ. त्याला साधं वेल्डिंग धरत नाही. आधी तापवून, निकेलचा रॉड वापरून, सावकाश थंड करावं लागतं. हे काम जमणारे कारागीर थोडे आणि त्यांना त्याची कल्पना असते.

तिसरी परीक्षा खिशातल्या नोटेची. दाराच्या कडेला नोट ठेवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज सुटून आली तर दाराभोवतीची दोरी, म्हणजे गास्केट, संपलेली. ही दोरी स्वस्तात मिळते. पण जुनी काढताना सांभाळून, कारण पूर्वीच्या दोऱ्या, लेप आणि पाठीमागचे तक्ते यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. सुकं खरवडून धूळ उडवायची नाही. आधी तपासून घ्यायचं.

आणि ओतलेल्या तारखेला भुलू नका. पत्र्यावर '१८६७' असं ठसठशीत दिसलं तर ती बहुतेकदा पेटंटची तारीख असते. शेगडी त्यानंतर वीस वर्षांनी ओतलेली असू शकते. पाटी तीच, साचा तोच.

कोळशाच्या घरी लाकूड

नवख्यांचे पैसे सर्वांत जास्त इथे बुडतात. चारही बाजूंनी अभ्रकाच्या खिडक्या असलेली, निकेलने मढवलेली, मुकुट घातलेली दिवाणखान्यातली देखणी शेगडी बहुतेकदा लाकडाची नसतेच. ती अँथ्रासाइट नावाच्या कडक कोळशासाठी असते. फरक साधा आहे. कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते. लाकूड राखेच्या गादीवर सुखाने जळतं आणि त्याला वरूनही हवा लागते. तेव्हा खाली हलवायची जाड जाळी आणि वरून कोळसा ओतायचं नरसाळं दिसलं की समजावं, या बाईंना लाकूड मानवणार नाही.

अभ्रकाबद्दल मात्र आपण कॉलर ताठ करायला हरकत नाही. पातळ पापुद्रे सुटणारं, तापूनही न तडकणारं हे खनिज एकेकाळी झारखंडच्या कोडरमा पट्ट्यातून जगभर जात असे. खिडकीतलं अभ्रक काळवंडलं असेल तर नवा पापुद्रा कापून बसवता येतो. हौशी माणसालाही ते जमतं.

चुलीच्या जातीत, म्हणजे स्वयंपाकाच्या मोठ्या रेंजमध्ये, एका कडेला तांब्याच्या अस्तराची पाण्याची टाकी असे. आपल्याकडे बंब जे काम करायचा ते तिथे स्वयंपाक करता करता होऊन जाई. जुन्या रेंजच्या भट्टीला तापमापक नसे. बाई आत हात घालून आकडे मोजायच्या किंवा थोडं पीठ पसरून ते किती वेळात तांबूस होतं ते बघायच्या.

दागिने आणि डोक्यावरचा सरदार

निकेलचा मुलामा हा या म्हाताऱ्यांचा दागिना. १८९०च्या शेगडीवर निळसर, आरशासारखी चमक दिसली तर ते क्रोम समजावं आणि कुणीतरी मागाहून चढवलंय हेही. क्रोमचा मुलामा बाजारात आला १९२०च्या दशकात. निकेलची चमक किंचित पिवळसर, ऊबदार असते. पुन्हा निकेल चढवून घेणं महाग पडतं. कधी कधी शेगडीच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून सुटे निकेलचे भाग जागच्या जागी आहेत की नाहीत, हे मोजून घ्यावं.

मिशिगनच्या डोवाजिॲक गावातल्या 'राउंड ओक' शेगड्यांच्या डोक्यावर 'डो-वा-जॅक' नावाच्या आदिवासी सरदाराची मूर्ती असे. गावाचं नाव तोडून केलेला हा जाहिरातीतला सरदार. मूर्ती सुटी असल्यामुळे हरवते फार, आणि संग्राहक तिच्यासाठी जिवाचं रान करतात.

काळ्या अंगाला लावायचं पॉलिश म्हणजे ग्राफाइट, पेन्सिलीत असतं तेच. इंग्रजीत त्याला शिशाचं नाव चिकटलंय, शिसं मात्र त्यात नाही.

एक टक्क्याचा घोटाळा

एखादा भाग तुटलाय? सोपं आहे, तुटका भाग चिकटवायचा, वाळूत त्याचा साचा काढायचा, नवा ओतून घ्यायचा. असं वाटतं खरं. पण बीड थंड होताना सुमारे १ टक्का आक्रसतं. म्हणजे ३० सेंटीमीटरचं दार ओतून आणलं की ते ३ मिलिमीटर लहान निघतं आणि चौकटीत खुळखुळतं. मूळ ओतशाळा साचा बनवतानाच ही घट धरून तो मोठा ठेवत. जुन्या भागावरून केलेली नक्कल ओळखायची ही एक खूणही आहे: नक्षी जराशी बोथट आणि माप जरासं आखूड.

जुने बोल्ट सुटत नाहीत, तुटतात. त्याची मनाची तयारी ठेवावी. 'स्टोव्ह बोल्ट' हा प्रकार एवढा घरोघरी पोचला होता की १९२९मध्ये आलेल्या शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला लोकांनी 'स्टोव्हबोल्ट' असंच नाव ठेवलं.

अस्वलांचं कुटुंब

सगळ्याच जुन्या शेगड्या आजीच्या काळातल्या नसतात. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेनं पुन्हा लाकूड फोडायला घेतलं. ओरेगनच्या बॉब फिशरनं जाड पोलादी पत्र्याच्या शेगड्या काढल्या आणि त्यांची नावं ठेवली पापा बेअर, मामा बेअर, बेबी बेअर. वरचा पत्रा दोन पायऱ्यांचा, म्हणजे एकीवर उकळायचं, दुसरीवर मंद शिजवायचं. व्हर्माँटच्या रँडॉल्फमध्ये १९७५ साली व्हर्माँट कास्टिंग्ज सुरू झाली, तिची 'डिफायंट' अजून बाजारात हातोहात जाते. नॉर्वेच्या योटुल कंपनीची ११८ ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लांबट शेगडी. तिच्यात ओंडका सिगारेटसारखा एका टोकापासून जळत जातो. ती इतकी गाजली की सत्तरच्या दशकात तैवानमधून तिच्या नकला आल्या. कंपनीचं नाव ओतलेलं आहे ना, ते बघूनच पाकीट काढावं.

कायद्यालाही नक्षी आवडते

अमेरिकेत १९८८पासून नव्या शेगड्यांच्या धुरावर केंद्राचे नियम आले, मे २०२०पासून ते आणखी कडक झाले. ओरेगन राज्यात घर विकताना प्रमाणपत्र नसलेली जुनी शेगडी काढूनच टाकावी लागते. याला अपवाद पुराणवस्तूंचा, आणि त्याची व्याख्या मोठी रसिक आहे: शेगडी १९४०पूर्वीची हवी आणि घडण नक्षीदार हवी! साध्या रूपाच्या शेगडीला दया नाही.

घरात बसवताना मात्र नक्षीला सूट नाही. प्रमाणित नसलेली शेगडी जळू शकणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच लांब हवी, असं अमेरिकी अग्निसुरक्षा मानक सांगतं. छोट्या खोलीत याचा अर्थ शेगडी मधोमध आणि माणसं कोपऱ्यात. धुराड्याचा हिशेब '३-२-१०' असा लक्षात ठेवतात: छपरातून बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर आणि आजूबाजूच्या १० फुटांतल्या कशाहीपेक्षा २ फूट उंच.

नवा रंग आणि नवा लेप लागल्यावर पहिले दोन-तीन जाळ लहान ठेवायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या. रंग पक्का होताना धूर आणि वास येतो आणि धुराचा अलार्म इमाने इतबारे बोंबलतो. तापलेल्या बिडावर गार पाण्याचा शिंतोडाही नको.

राहिलं लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाणी असू शकतं. ते जाळलं की उष्णता पाणी उकळण्यात जाते आणि धुराड्यात डांबरासारखं क्रिओसोट चिकटतं. तेच पुढे पेट घेतं. ओलावा २० टक्क्यांखाली यायला फोडून रचलेल्या ढिगाला साधारण वर्ष लागतं. म्हणजे ऑक्टोबरात हौसेने शेगडी घेतलेल्याने लाकडं गेल्या ऑक्टोबरातच घ्यायला हवी होती.