बीएडब्ल्यू की क्वार्ट्झ? आधी फ्रिक्वेन्सी सांगा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सरांना एक टेबल दाखवलं होतं. क्वार्ट्झ: क्यू १ लाख. बीएडब्ल्यू, म्हणजे बल्क अकूस्टिक वेव्ह रेझोनेटर: क्यू २ हजार. खाली निष्कर्ष, क्वार्ट्झ ५० पट सरस. सरांनी एवढंच विचारलं, "कोणत्या फ्रिक्वेन्सीला?" तो रकानाच टेबलमध्ये नव्हता. प्रवेशाच्या मुलाखतीत हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येऊ शकतो, म्हणून लिहितेय.

मुळात "बीएडब्ल्यू रेझोनेटर विरुद्ध क्वार्ट्झ ऑसिलेटर" ही मांडणीच जरा तिरकी आहे. रेझोनेटर म्हणजे नुसता कंप पावणारा तुकडा; त्याला ॲम्प्लिफायर आणि फीडबॅक जोडला की ऑसिलेटर. आणि बोर्डावर दिसणारा मेगाहर्ट्झवाला एटी-कट क्वार्ट्झसुद्धा बल्क अकूस्टिक वेव्हवरच चालतो. (घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा वेगळा, तो ट्यूनिंग फोर्कसारखा वाकतो.)

खरा फरक जाडीचा. फ्रिक्वेन्सी म्हणजे लहरीचा वेग भागिले जाडीची दुप्पट. एटी-कटमध्ये वेग साधारण ३,३०० मीटर प्रति सेकंद, म्हणून १० मेगाहर्ट्झला चकती १६५ मायक्रोमीटरची. हीच २.५ गिगाहर्ट्झला न्यायची तर ०.६६ मायक्रोमीटर! इतकी पातळ चकती घासून काढायची कशी? म्हणून घासायचं नाहीच. सिलिकॉनवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर चढवायचा. त्यात वेग ११,००० च्या आसपास, त्यामुळे जाडी एक-दोन मायक्रोमीटर चालते. लहर सिलिकॉनमध्ये गळू नये म्हणून खाली पोकळी ठेवतात, नाहीतर परावर्तक थर.

आता माझ्या टेबलकडे या. फ्रिक्वेन्सी वाढली की पदार्थातला ऊर्जाव्ययही वाढतो, म्हणून नुसता क्यू नाही, फ्रिक्वेन्सी गुणिले क्यू बघायचं. १० मेगाहर्ट्झ गुणिले १ लाख म्हणजे १ लाख कोटी. २.५ गिगाहर्ट्झ गुणिले २ हजार म्हणजे ५ लाख कोटी. निकाल उलटा! पण थांबा, उत्तम क्वार्ट्झचा क्यू १० लाखांवर जातो, मग तो पुन्हा पुढे. माझं टेबल इथेच कोसळलं.

फेज नॉइजचंही तसंच. १० मेगाहर्ट्झवरून २.५ गिगाहर्ट्झला जायचं तर २५० पट गुणावं लागतं, आणि नॉइज ४८ डेसिबलने चढतो. बीएडब्ल्यू मुळातच तिथे असतो, त्यामुळे कॅरियरपासून दूरच्या ऑफसेटला तो बाजी मारतो. कॅरियरच्या अगदी जवळ मात्र क्वार्ट्झच.

तापमानात तर क्वार्ट्झला तोड नाही. ॲल्युमिनियम नायट्राइड दर अंशाला २५-३० पीपीएम खाली घसरतं; १०० अंशांत अडीच-तीन हजार पीपीएम. एटी-कट तेवढ्यात काही दहा पीपीएममध्ये राहतो. उपाय म्हणून सिलिकॉन डायऑक्साइडचा थर घालतात (तापल्यावर तो उलट कडक होतो), उरलेलं सर्किट दुरुस्त करतं. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने २०१९ मध्ये बाहेरच्या क्रिस्टलशिवाय चालणारी वायरलेस चिप आणली ती अशाच रेझोनेटरवर. त्याआधी बीएडब्ल्यूचं मुख्य काम मोबाइलमधले फिल्टर.

तेव्हा डेटाशीट उघडलीत की फेज नॉइजच्या आकड्याशेजारी कॅरियर आणि ऑफसेट दोन्ही लिहून घ्या. माझ्या नव्या टेबलमध्ये क्यूचा रकाना सगळ्यात शेवटी आहे.