हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तर?

मुलांनो, विमानाचे इंजिन बंद पडले तरी ते पंखांच्या आधाराने तरंगत खाली येऊ शकते. हेलिकॉप्टरला तसे पंख नसतात, म्हणून ते दगडासारखे कोसळत असेल असे पुष्कळांना वाटते. पण तसे नाही. मेपलचे बी झाडावरून कसे गरगरत, सावकाश उतरते ते तुम्ही पाहिले असेलच. इंजिन थांबले की हेलिकॉप्टरलाही तसेच उतरवता येते.

सायकलचे पेडल मारणे थांबवले तरी चाक फिरतच राहते. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचा पंखाही इंजिन थांबल्यावर तसाच सुटा फिरतो. मात्र वैमानिकाने ताबडतोब डाव्या हाताचा दांडा खाली करून पंख्याच्या पात्यांचा तिरकेपणा कमी करावा लागतो. मग खाली येताना खालून लागणारा वारा भिरभिऱ्यासारखा पंखा फिरवत ठेवतो. उशीर झाला तर पंख्याचा वेग इतका घटतो की पुन्हा सावरता येत नाही. हाती असतात ती मोजकी सेकंदे.

४ जानेवारी २००९ रोजी लुइझियानात नेमके हेच घडले. सिकॉर्स्की एस-७६ सी++ जातीचे हेलिकॉप्टर समुद्रातल्या तेलविहिरीवर कामगारांना घेऊन निघाले होते. (देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना मे २०१७ मध्ये निलंग्याला ज्या हेलिकॉप्टरच्या अपघातातून बचावले, तेही याच जातीचे.) उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते दलदलीत कोसळले. नऊपैकी आठ जण दगावले.

गंमत म्हणावी की दुर्दैव, दोन्ही इंजिने ठणठणीत होती! अमेरिकेच्या एनटीएसबी या चौकशी संस्थेला आढळले की रेड टेल्ड हॉक हा शिकारी पक्षी समोरच्या काचेवर आदळला होता. मूळची जाड, थरांची काच काढून तिथे हलकी अॅक्रिलिकची बसवलेली होती. ती फुटलीच, शिवाय त्या धक्क्याने वरच्या बाजूच्या आग विझवण्याच्या मुठी खाचेतून सुटल्या आणि त्यांनी इंधनाचे दांडे मागे ढकलले. दोन्ही इंजिनांची शक्ती एकदम गेली. आम्हा इंजिनिअर लोकांना दोन इंजिनांचा फार भरवसा वाटतो. पण दोघांचे दांडे शेजारी शेजारी, एकाच धक्क्याच्या टप्प्यात असतील तर त्या दोनाचा काय उपयोग?

अकराच दिवसांनी न्यूयॉर्कला जंगली हंसांनी एका विमानाची दोन्ही इंजिने खरोखर निकामी केली. तरी वैमानिकाने ते हडसन नदीत उतरवले आणि सगळे १५५ जण वाचले. त्या वैमानिकाजवळ साडेतीन मिनिटे होती. लुइझियानात आवाजाची नोंद धडकेनंतर सुमारे १७ सेकंदांत संपते.

त्या १७ सेकंदांत फुटलेल्या काचेतून वारा घोंघावत होता. काय झाले ते वैमानिकांना उमगलेच नाही. पंख्याचा वेग घटल्याचे दाखवणारे यंत्र समोर होते. पण तिकडे लक्ष वेधणारा धोक्याचा मुख्य दिवा नव्हता, भोंगाही नव्हता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार ओळखीचे वाटते: माहिती पडद्यावर असते, आणि ती आहे तेवढ्यावर आम्ही समाधान मानतो. एनटीएसबीने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत हा नसलेला भोंगा स्पष्टपणे नोंदवला आहे.