ताठलेला हात आणि मेंदूचा निरोप

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा उजवा हात कोपरांत दुमडलेला व मूठ आवळलेली असे. लेखनाच्या तासाला "हात सैल सोड" म्हणून आम्ही त्यास रागें भरत असूं. तो जों जों प्रयत्न करी, तों तों हात अधिकच ताठे. आम्हांस तो हट्ट वाटला. तो हट्ट नव्हता, हें आम्हांस फार उशिरां समजलें. म्हणून हा लेख.

गुडघ्याच्या वाटीखालीं डॉक्टरांनीं हातोडीनें हलकेंच ठोकलें असतां पाय आपोआप पुढें उडतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. ठोका बसतांच मांडीचा स्नायु किंचित् ताणला जातो. त्याच्या आंत तर्कूच्या आकाराचीं सूक्ष्म ज्ञानेंद्रियें असतात. तीं 'ताण पडला' अशी वर्दी मज्जातंतूंच्या द्वारें पाठीच्या कण्यांतील पृष्ठरज्जूस देतात. तेथून 'आवळ' अशी आज्ञा त्याच स्नायूस लागलीच परत येते. मेंदूस विचारावें लागत नाहीं. हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

मग चालतांना व लिहितांना आपले स्नायु घडोघडी ताणले जातात, तरी ते आवळून कां बसत नाहींत? कारण मेंदूकडून पृष्ठरज्जूस 'आवर, इतकें नको' असाही निरोप अखंड जात असतो. गाडीवानाच्या हातीं बैलांचा कासरा असावा, तसा हा निरोप होय.

जन्माच्या सुमारास मेंदूस इजा झाली, पुढें पक्षाघात झाला किंवा अपघातांत पृष्ठरज्जूस मार लागला, कीं हा कासरा तुटतो. खालची वर्दी व आज्ञा मात्र चालूच राहतात, नव्हे, अनावर होतात. पक्षाघातानंतर प्रथम लुळा पडलेला हात पुढें पुष्कळदां ताठूं लागतो, तो यामुळेंच. डॉक्टर यास स्पॅस्टिसिटी म्हणतात. हा ताठपणा बळाचा नव्हे. असा स्नायु बहुधा दुबळाच असतो.

इंग्रज शास्त्रज्ञ चार्लस् शेरिंग्टन यांनीं १८९८ सालीं याचा पुरावा दिला. मांजराच्या मेंदूचा वरील भाग तोडला असतां त्याचे पाय ताठ झाले; परंतु एका पायाकडून वर्दी आणणारे मज्जातंतु कापतांच तो पाय सैल पडला. मज्जातंतूंवरील कार्याबद्दल १९३२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

असा हात झटकन् ओढल्यास अधिक ताठतो. सावकाश ताणल्यास विरोध कमी होतो. म्हणून नित्याचा हळुवार व्यायाम हा उपचाराचा पाया आहे. बॅक्लोफेन हें औषध पृष्ठरज्जूंतील आवर वाढवितें. बोटुलिनमची सुई मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत कांहीं महिने पोहोंचूं देत नाहीं. इजा झालेला मेंदूचा भाग यांनीं पूर्ववत् होत नाहीं, परंतु हालचाल सुकर होऊं शकते. अशा मुलांच्या शिक्षणासाठीं मिथू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईस स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली.

विद्यार्थीमित्रहो, भीति, घाई व राग यांनीं ताठपणा वाढतो. शेजारच्या बाकावरील सोबत्याचा हात अडला तर हंसूं नका, त्यास वेळ द्या. पालकांनींही मुलास दोष न देतां डॉक्टरांकडे न्यावें. आमचा तो विद्यार्थी शाळा सोडून गेला. त्यास वेळ देण्याचें आमच्या हातून राहिलें; तुमच्या हातून तें राहूं नये.