नागराजाची पैदास आणि संवर्धन

विषारी साप पकडून पेटीत पाळला की तो वाचला, असा समज आहे. संवर्धनासाठीचे बंदिस्त प्रजनन (वंशाची नोंद ठेवून केलेली पैदास) कणगीतल्या बियाण्यासारखे असते. पेरायला शेत हवेच. मंगळूरच्या पिलिकुळ उद्यानात नागराजाची (किंग कोब्रा) पिल्ले जन्मली, हे मोलाचेच. पालापाचोळ्याचे घरटे रचणाऱ्या या सापाची वीण त्यामुळे जवळून अभ्यासता येते. संख्या वाढली म्हणजे पुरे, असे कुणी म्हणेल. पण २०२४मध्ये संशोधकांनी नागराजाच्या चार प्रजाती वेगळ्या केल्या. गोवा-सिंधुदुर्गातल्या पश्चिम घाटातील नागराजाचा ईशान्येकडच्या नागराजाशी संकर केला, तर पिल्ले वाढतील, मूळ वंश मात्र बिघडेल. म्हणूनच १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय नागराज पाळता येत नाही, हे योग्यच आहे.