शीतयुद्धाची रणांगणे – लेखांक ४ : कोरियात युद्ध का टळले नाही?

गेल्या आठवड्यात आपण बर्लिनची नाकेबंदी पाहिली. तिथे दोन्ही बाजूंच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या. तरीही मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठली आणि युद्ध टळले. त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, २५ जून १९५० च्या पहाटे, कोरियात तोफा धडाडल्या. बर्लिनमध्ये जे टळले, ते कोरियात का टळू शकले नाही?

हे समजण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागते. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येण्याच्या बेतात होता. सोव्हिएत संघाने युद्धात उडी घेतली होती आणि अमेरिकेच्या फौजा मात्र कोरियापासून दूर होत्या. जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे स्वीकारायची, हे तातडीने ठरवायचे होते. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांनी नकाशा पुढे घेतला आणि ३८ अंश उत्तर अक्षांशाची सीमा सुचवली. राजधानी सेऊल अमेरिकेच्या वाट्याला यावी, एवढाच त्यामागचा हिशेब होता. स्टालिनने ती सूचना खळखळ न करता मान्य केली.

त्या रेषेने ना नदी पाहिली, ना डोंगर. पश्चिमेकडच्या ओंगजिन द्वीपकल्पाचा जो भाग दक्षिणेला मिळाला, तिथे दक्षिणेतून खुश्कीच्या मार्गाने पोहोचताच येत नव्हते. आणि ज्यांचा देश कापला जात होता, त्या कोरियन माणसांना कुणी विचारलेही नाही.

ही सोय तात्पुरती होती. संपूर्ण कोरियात निवडणुका घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला आणि भारताचे के. पी. एस. मेनन त्याचे अध्यक्ष झाले. पण आयोगाला उत्तरेत पाऊल टाकू दिले गेले नाही, त्यामुळे मे १९४८ मध्ये मतदान फक्त दक्षिणेत झाले. ऑगस्टमध्ये दक्षिणेत सिंगमन री यांचे सरकार आले, सप्टेंबरमध्ये उत्तरेत किम इल सुंग यांचे. री यांनी जपानविरोधी चळवळीत अनेक वर्षे परदेशात काढली होती आणि किम मांचुरियात जपान्यांशी गनिमी काव्याने लढले होते. दोघांनाही अर्धा कोरिया मान्य नव्हता. आपलेच सरकार साऱ्या देशाचे, असा दोघांचाही दावा होता.

म्हणून कोरियातला रक्तपात १९५० मध्ये सुरू झाला, असे म्हणता येत नाही. १९४८ मध्ये जेजू बेटावर उठाव झाला, तो चिरडताना हजारो माणसे मेली. १९४९ मध्ये ओंगजिन आणि केसाँगच्या परिसरात दोन्ही सैन्यांच्या चकमकी झडत राहिल्या. चढाईची भाषा री यांच्या तोंडीही होती. त्यामुळेच अमेरिकेने त्यांना रणगाडे दिले नाहीत. जून १९४९ मध्ये सुमारे ५०० सल्लागार ठेवून तिने आपले सैन्यही काढून घेतले.

किम यांना शस्त्रे मिळत होती. हवी होती ती दक्षिणेवर चढाई करण्याची परवानगी, आणि १९४९ मध्ये स्टालिनने ती नाकारली. मग वर्षभरात चित्र पालटले. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली. १ ऑक्टोबरला माओंनी चीनच्या जनता प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि चिनी यादवीत लढलेले हजारो कोरियन सैनिक उत्तर कोरियाच्या सैन्यात दाखल झाले. १२ जानेवारी १९५० रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांनी पॅसिफिकमधली संरक्षणरेषा जाहीर केली. त्यात जपान होता, फिलिपिन्स होते, कोरिया नव्हता. स्टालिनच्या निर्णयात या भाषणाचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण अमेरिका कोरियासाठी लढणार नाही, असा अंदाज बांधायला मॉस्कोकडे आता कारणे होती. एप्रिल १९५० मध्ये किम यांना होकार मिळाला, दोन अटींवर. माओंची संमती हवी, आणि सोव्हिएत सैन्य लढायला उतरणार नाही. मे महिन्यात किम बीजिंगला गेले आणि संमती घेऊन आले. १९९० च्या दशकात उघड झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांमुळे हा घटनाक्रम आता स्पष्ट आहे. पहिला मोठा हल्ला कोणी केला, याबद्दल शंकेला जागा नाही.

२५ जूनला रविवार होता आणि दक्षिणेचे बरेच सैनिक रजेवर होते. समोरून टी-३४ रणगाडे आले. दक्षिणेकडे एकही रणगाडा नव्हता. २८ जूनला पहाटेपूर्वीच्या अंधारात दक्षिणेच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला, तेव्हा पुलावर पळणाऱ्या लोकांची गर्दी होती. हजारो सैनिक पलीकडेच अडकले. त्याच दिवशी सेऊल पडले.

पण स्टालिनचा अंदाज चुकला. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना मांचुरिया, इथिओपिया, ऑस्ट्रिया आठवले. त्या वेळी आक्रमण खपवून घेतले, त्याची किंमत जगाने मोजली, अशी त्यांची धारणा होती. चीनची जागा माओंच्या सरकारला मिळावी म्हणून सोव्हिएत प्रतिनिधी जानेवारीपासून सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकून होते, त्यामुळे नकाराधिकार वापरायला कुणी हजर नव्हते. भारताचे बी. एन. राव अध्यक्षस्थानी असताना उत्तरेच्या हल्ल्याविरुद्धचा २५ जूनचा ठराव ९ विरुद्ध ० मतांनी संमत झाला. दोन दिवसांनी दक्षिणेला मदत करण्याचे आवाहनही झाले. भारताने पुढे हे दोन्ही ठराव मान्य केले, पण लढायला सैन्य न पाठवता लष्करी वैद्यकीय पथक पाठवले.

५ जुलैला ओसानजवळ सुमारे ५४० अमेरिकन सैनिक उत्तरेच्या वाटेत उभे राहिले. त्यांच्या बझुकाचे गोळे रणगाड्यांचे चिलखत भेदू शकले नाहीत. ऑगस्टपर्यंत दक्षिणेकडे बुसानभोवतीचा आग्नेय कोपरा तेवढा उरला होता. १५ सप्टेंबरला अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर यांनी पिछाडीला, इंचॉनच्या किनाऱ्यावर फौजा उतरवल्या आणि बाजी उलटली. महिनाअखेर सेऊल परत मिळाले.

इथे दुसरी घोडचूक झाली. ३ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून बजावले, की अमेरिकन सैन्याने ३८ वा अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीमार्फत हा निरोप पोहोचला. वॉशिंग्टनने तो पोकळ धमकी समजून बाजूला सारला. १९ ऑक्टोबरला प्योंगयांग पडले आणि त्याच दिवशी चिनी फौजा यालू नदी ओलांडून कोरियात शिरू लागल्या.

बर्लिनमध्ये समोरचा कुठे अडून बसणार आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. कोरियात जूनमध्ये मॉस्कोने आणि ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनने, समोरचा येणार नाही असे धरूनच पाऊल उचलले. कोरियन माणसांचे भांडण त्यांचे स्वतःचे होते आणि खरे होते. मात्र त्याचे आंतरराष्ट्रीय युद्ध झाले ते या दोन अंदाजांमुळे. दुसऱ्या वेळी तर इशारा वेळेवर पोहोचला होता आणि थांबणे हातात होते. म्हणूनच ती चूक मला अधिक अक्षम्य वाटते.

पुढील आठवड्यात : चीनचा हल्ला, दोन वर्षे रेंगाळलेल्या वाटाघाटी आणि युद्धकैद्यांचा प्रश्न. त्या कैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनानीकडे होते. त्यांच्या कामगिरीचीही ओळख करून घेऊ.