पदवी न देणारे विद्यापीठ

‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’ म्हणजेच ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ या संस्थेला ब्रिटनमध्ये ना स्वतःचे आवार आहे, ना प्राध्यापकवर्ग. तेथे प्रवेशाला पात्रता लागत नाही, परीक्षा होत नाही आणि पदवीही मिळत नाही. नोकरीव्यवसायातून आणि मुलाबाळांच्या जबाबदारीतून मोकळ्या झालेल्या माणसांनी एकत्र येऊन आपल्यापैकीच कोणाकडून तरी लॅटिन, भूगर्भशास्त्र किंवा बुद्धिबळ शिकावे आणि आपल्याला जे येते ते इतरांना विनामूल्य शिकवावे, एवढाच तिचा व्यवहार. अशा हजाराहून अधिक स्वायत्त संस्था आज तेथे असून त्यांची एकूण सदस्यसंख्या चार लाखांच्या आसपास आहे. वृद्धांसाठी चालणाऱ्या बहुतेक उपक्रमांत देणारा एक आणि घेणारा दुसरा असतो. येथे ती विभागणीच नाकारलेली आहे, आणि या संस्थेचे बळ व तिची दुखणी, दोन्ही त्या एका नकारातून निघाली आहेत.

ही कल्पना मुळात फ्रान्समधली. तुलूझ येथील सामाजिक विज्ञान विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे प्राध्यापक पिएर वेलास यांनी १९७३ मध्ये निवृत्तांसाठी असे पहिले वर्ग सुरू केले. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर झालेल्या उच्चशिक्षणविषयक कायद्याने निरंतर शिक्षण, म्हणजे शिकण्याचे रूढ वय उलटलेल्यांचे शिक्षण, हेही विद्यापीठांचे काम ठरवले होते, त्यामुळे वेलास यांना वर्गखोल्या आणि अध्यापक आपल्याच विद्यापीठात मिळाले. नाव नोंदवणे सोपे, शुल्क नाममात्र, वर्ग दिवसा, आणि विषयांत इतिहास व कलांबरोबर प्रकृती सांभाळण्याचाही विचार, असा तो आराखडा होता. दोन वर्षांत त्याचे अनुकरण इतर देशांत झाले; वॉर्सा येथे १९७५ मध्ये हालिना श्वार्त्स या डॉक्टर महिलेने पोलंडमधील पहिली संस्था उभारली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. फ्रेंच पद्धतीत वर्गाची घडी मात्र नेहमीचीच राहिली: प्राध्यापकाने व्याख्यान द्यायचे आणि ज्येष्ठांनी ते ऐकायचे.

ब्रिटनमध्ये १९८१ साली ही कल्पना उचलणारे तिघेही संस्था काढण्यात मुरलेले होते. मायकेल यंग यांच्या नावावर ग्राहक संघटनेपासून मुक्त विद्यापीठाच्या कल्पनेपर्यंत अनेक गोष्टी जमा होत्या, आणि ‘मेरिटॉक्रसी’ (गुणवत्तेवर आधारलेली सत्ता) हा शब्द त्यांच्या १९५८ च्या उपरोधिक पुस्तकामुळे रूढ झाला होता. सामाजिक इतिहासकार आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर वार्धक्यविषयक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केंद्राचे संचालक होते; त्यांनी बीबीसी रेडिओवर या विषयावर केलेल्या भाषणानंतर श्रोत्यांची शेकडो पत्रे आली. तिसरे पीटर लॅस्लेट. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील हे इतिहासकार चर्चमधल्या जुन्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्यांतून इंग्लंडमधील कुटुंबांचा आकार आणि लोकांचे आयुर्मान मोजत आले होते, आणि वार्धक्याच्या प्रश्नाकडे ते करुणेच्या वाटेने न येता आकड्यांच्या वाटेने आले, ही बाब महत्त्वाची आहे. पंचविशीतल्या माणसाने सत्तरी गाठण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असलेला समाज इतिहासात पूर्वी कधीच नव्हता, तो विसाव्या शतकातच अवतरला, आणि तरीही त्याच्या शिक्षणसंस्था, चालीरीती व म्हातारपणाबद्दलच्या समजुती जुन्या आयुर्मानाच्याच मापाच्या राहिल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ फ्रेश मॅप ऑफ लाइफ’ या ग्रंथात लॅस्लेट यांनी आयुष्याचे चार भाग मांडले. पहिले वय परावलंबनाचे आणि शिक्षणाचे, दुसरे कमावण्याचे आणि जबाबदाऱ्यांचे, तिसरे स्वतःच्या इच्छेप्रमाणे काही घडवण्याचे, आणि चौथे पुन्हा परावलंबनाचे, अखेरच्या विकलतेचे. मराठी वाचकाला येथे चार आश्रम आठवणे साहजिक आहे, पण ते साम्य ताणू नये. वानप्रस्थात संसारातून पाय मागे घेण्याची अपेक्षा असते. लॅस्लेट यांचे तिसरे वय माणसाला समाजात अधिक गुंतवणारे आहे, ते वाढदिवस मोजून सुरू होत नाही, आणि एखाद्या कलावंताच्या बाबतीत ते दुसऱ्या वयाबरोबरच चालू असू शकते. निवृत्ती ही उरलेली रजा नसून आयुष्याचा कळस असू शकतो, हा त्या मांडणीचा गाभा होता.

मग ब्रिटिशांनी विद्यापीठांचा हात का सोडला? पहिले कारण अगदी व्यावहारिक होते: १९८१ मध्येच तेथील सरकारने विद्यापीठांच्या अनुदानात मोठी कपात केली होती आणि निवृत्तांना शिकवण्याची सक्ती करणारा फ्रान्ससारखा कायदाही तेथे नव्हता. दुसरे कारण परंपरेचे होते, कारण कामगारांची परस्पर साहाय्य मंडळे, सहकारी भांडारे आणि १९०३ मध्ये स्थापन झालेली कामगार शिक्षण संघटना यांमुळे वर्गणी काढून आपले आपण शिकणे हे त्या समाजाला नवे नव्हते. लॅस्लेट यांनी केंब्रिजच्या संस्थेसाठी तयार केलेल्या उद्दिष्टांत शिकणारा आणि शिकवणारा यांत भेद नसावा, शिकणे शिकण्यासाठीच असावे आणि वयाबरोबर बुद्धी ओसरते या समजुतीवर हल्ला करावा, ही कलमे होती. अडचणीतून आलेला निर्णय पुढे तत्त्व म्हणून मिरवला गेला, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण संस्थांच्या इतिहासात चांगली तत्त्वे पुष्कळदा अशीच जन्माला येतात.

या संस्थेचा खरा कारभार अभ्यासगटांत चालतो. सदस्य होण्यासाठी ठरावीक वय पूर्ण व्हावे लागत नाही, पूर्णवेळ नोकरीत नसणे पुरते. माफक वार्षिक वर्गणी भरली की हव्या तितक्या गटांत जाता येते. गट लहान असतो आणि तो एखाद्याच्या दिवाणखान्यात, वाचनालयात किंवा चर्चच्या सभागृहात आठवड्याने, पंधरवड्याने वा महिन्याने भरतो. गटाचा समन्वयक त्या विषयातला तज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. निवृत्त भूगोल शिक्षिका नकाशावाचन शिकवते आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त सुताराच्या गटात स्वतः रंधा धरते, हा सरळ प्रकार झाला. पण अनेक गटांत जाणकार कोणीच नसतो, आणि तेव्हा सदस्य विषयाचे तुकडे वाटून घेतात व ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याने वाचून पुढच्या बैठकीत मांडायचे असते. ही दुसरी पद्धत अधिक मोलाची मानावी लागेल, कारण तिच्यात ऐकून घरी जाण्याची सोय राहत नाही. शिकवल्याबद्दल सदस्याने सदस्याकडून मानधन घ्यायचे नाही, हा नियम सर्वत्र पाळला जातो. ‘थर्ड एज ट्रस्ट’ ही १९८३ मध्ये स्थापन झालेली मध्यवर्ती संस्था विमा, सल्ला आणि साहित्य पुरवते, मात्र कोणी काय शिकावे हे ती ठरवत नाही. ‘शेअर्ड लर्निंग प्रोजेक्ट’ या नावाने चालणाऱ्या उपक्रमांत सदस्यांचे गट वस्तुसंग्रहालये व दप्तरखान्यांबरोबर संशोधनही करतात आणि त्या संस्थेला उपयोगी पडेल असे काही हातात देऊन मोकळे होतात.

येथपर्यंतचे चित्र उजळ आहे. त्याची दुसरी बाजू टीकाकारांनी वेळोवेळी दाखवली आहे. सदस्यांत स्त्रिया बहुसंख्य असतात, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; पण शिक्षक, अधिकारी आणि इतर सुशिक्षित मध्यमवर्गीयांचाच भरणा अधिक, हा आक्षेप खोडता येत नाही. ज्यांना दुसऱ्या वयात शिक्षण आणि निवृत्तिवेतन मिळाले, तिसरे वयही त्यांनाच मिळते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या शाळेत साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटीदप्तर घेऊन बाराखडी गिरवू लागल्या. त्यांच्यासाठी शिक्षणाचे पहिले वयच साठ वर्षे लांबले होते. परस्परांना शिकवण्याचे तत्त्व तेथे पहिल्याच दिवशी लागू करता येत नाही, आधी अक्षरओळख करून देणारा कोणीतरी लागतोच. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ वर्गणीवर आणि सदस्यांच्याच कार्यकारिणीवर चालत असल्याने रचनेच्या दृष्टीने ब्रिटिश नमुन्याच्या जवळचे आहेत, परंतु त्यांच्या व्याख्यानांत, सहलींत आणि आरोग्य शिबिरांत श्रोता बहुधा श्रोताच राहतो.

चीनने पूर्णपणे वेगळी वाट धरली. शांतुंग प्रांतातील चिनान येथे १९८३ मध्ये तेथील पहिले ज्येष्ठांचे विद्यापीठ निघाले, आणि पुढे सरकारी आश्रयाखाली ते जाळे इतके पसरले की सुलेखन, चित्रकला, समूहगान व नृत्य शिकणाऱ्यांची संख्या लाखांत मोजावी लागते. शहरांतील वर्गांत जागा मिळवण्यासाठी झुंबड उडते. सरकारी पैसा असला की व्याप वाढतो हे त्यावरून दिसते, पण तेथे संस्था सदस्यांची राहत नाही.

ब्रिटिश संस्थेला मुख्य चिंता आहे ती माणसांची. कोविडच्या काळात बैठका झूमवर गेल्या आणि २०२० मध्ये केवळ ऑनलाइन चालणारी नवी संस्थाही निघाली, त्यामुळे घराबाहेर न पडू शकणाऱ्या काहींना गट मिळाला, तर संगणक न हाताळणारे तुटले. तिसऱ्या आणि चौथ्या वयामधली रेषा लॅस्लेट यांनी आखली तेवढी ठळक नसते. गुडघे, दृष्टी किंवा जोडीदाराचे आजारपण यांमुळे सदस्य हळूहळू येईनासे होतात आणि त्यांच्यासाठी या रचनेत ठरलेली व्यवस्था नाही. शिकवायला माणसे मिळतात, पण अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ही पदे घ्यायला मिळत नाहीत, कारण आयुष्यभर बैठका आणि हिशेब करून सुटलेल्यांना पुन्हा तेच नको असते. पगारी कारकून नेमला तर वर्गणी वाढते आणि मूळ तत्त्वालाही धक्का बसतो. समितीची मुदत संपते, निवडणुकीला उमेदवार उभे राहत नाहीत, आणि गटांत भरपूर गर्दी असतानाही केवळ पदाधिकाऱ्यांअभावी एखादी स्थानिक संस्था विसर्जित करून तिच्या सदस्यांना शेजारच्या गावातील संस्थेत पाठवावे लागते.