ग्रेडिंग नसलेली जुनी क्रीडा-कार्डे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी खेळाडूंच्या जुन्या छापील कार्डांना मोठी किंमत येते. १९५२ च्या टॉप्स संचातील बेसबॉलपटू मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासतात, त्याला दर्जाचा आकडा देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या आवरणात ते बंद करतात. या तपासणीतून न गेलेल्या कार्डाला संग्राहक ‘रॉ’ म्हणतात. रॉ कार्ड खोटेच असते असे नाही; फक्त ते ओळखण्याची सगळी जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

बनावट प्रती फक्त अतिदुर्मीळ कार्डांच्या निघतात, हा मोठा गैरसमज. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेले बेसबॉलपटू होनस वॅगनरचे कार्ड कोणी स्वस्तात विकू लागला, तर नवखाही बिचकतो. खरा धोका १९८६ च्या फ्लीअर संचातील मायकेल जॉर्डनच्या कार्डासारख्या ठिकाणी आहे. त्याच्या हजारो अस्सल प्रती बाजारात आहेत, त्यामुळे आणखी एक समोर आली तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. नक्कल करणाऱ्याला हेच हवे असते.

पिवळटपणा, मऊ पडलेले कोपरे आणि चुण्या यांवर विश्वास ठेवणारेही पुष्कळ. पण चहाच्या पाण्याने कागद एका दुपारीत म्हातारा करता येतो. छपाईचे मात्र तसे नाही. अस्सल कार्डावरील छायाचित्र भिंगाखाली ठिपक्यांचे दिसले, तरी नाव आणि बारीक रेषा सहसा सलग शाईत असतात. कार्ड स्कॅन करून काढलेल्या नकलेत अक्षरेही ठिपक्यांत फुटतात. पुठ्ठ्याची जाडी, वजन आणि उजेडासमोर धरल्यावरची पारदर्शकता पाहायची, तर त्याच संचातले एखादे अप्रसिद्ध खेळाडूचे स्वस्त कार्ड शेजारी ठेवावे. वर्णने वाचण्यापेक्षा हा उपाय कितीतरी भरवशाचा.

अतिनील दिव्याची परीक्षा अचूक मानली जाते. पण ती एकतर्फी आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. म्हणून १९१० चे म्हणवणारे कार्ड निळसर उजळले, तर संशय रास्तच. उजळले नाही म्हणून ते अस्सल ठरत नाही, कारण जुना कोरा कागद मिळवता येतो.

कडा खडबडीत म्हणजे कार्ड खोटे, हाही सरसकट नियम नव्हे. कॅनडातील ओ-पी-ची कंपनीच्या १९७९-८० च्या संचातील हॉकीपटू वेन ग्रेट्झकीच्या कार्डाच्या कडा मुळातच ओबडधोबड असतात. तिथे अगदी गुळगुळीत कड दिसली, तर उलट ती नंतर कातरली आहे का, हे तपासावे लागते.

अधिकृत पुनर्मुद्रणे निरुपद्रवी वाटतात. टॉप्सनेच १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा छापला. मूळ कार्ड सुमारे ६७ बाय ९५ मिलिमीटरचे. पुनर्मुद्रण त्याहून लहान, म्हणून साधी मोजपट्टीही पुरते. इतर पुनर्मुद्रणांच्या पाठीवरचा ‘रीप्रिंट’ शब्द घासून काढला की प्रामाणिक प्रत फसवणुकीचे साधन बनते. त्या जागी खरवडल्याची खूण शोधावी.

प्लॅस्टिकचे आवरण आले की धोका संपला, हेही पूर्ण खरे नाही. पीएसएने तपासलेले पहिलेच कार्ड म्हणजे १९९१ मध्ये ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलेले वॅगनर. त्याच्या कडा आपण कापल्याची कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो याने २०१३ मध्ये दिली. कार्ड अस्सल, दर्जाचा आकडा मात्र फसवा! शिवाय खऱ्या कार्डाचा नोंदणी क्रमांक उचलून खोटी आवरणेही बनतात. कंपनीच्या नोंदीत नुसता क्रमांक सापडणे पुरेसे नसते; तिथे छायाचित्र असेल, तर कार्डावरचे डाग आणि छपाईचा मध्य त्याच्याशी जुळतो का, हे पाहावे लागते.